पलंग विकणे आहे

१

दिनानाथरावांना फसवणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत असत. छत्तीस वर्षं बँकेत काढलेली, त्यातली शेवटची सहा तक्रारींच्या टेबलावर. कुणी भलत्याच लिंकवर बोट ठेवलं, कुणी ओटीपी सांगितला, कुणी पैसे येणार म्हणून कोड स्कॅन केला आणि होते नव्हते ते घालवून बसलं. "अहो, पैसे घ्यायला कधी पिन लागतो का?" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की झोपेतही तेच बडबडायचे, असं प्रमोदिनीताई सांगत.

प्रमोदिनीताई म्हणजे त्यांची बायको. काशीत संकठा घाटावरून वर आलं की तिसऱ्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, ही दोघं राहत. मूलबाळ नाही. दिनानाथरावांचे वडील यात्रेकरूंचे उपाध्याय होते. यांनी ते काम धरलं नाही, नोकरी धरली. ताई शाळेत गणित शिकवायच्या, आता पेन्शनीत होत्या. एप्रिलमध्ये त्या गच्चीच्या जिन्यावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण नंतर अंगात काही उरेचना. डॉक्टरांनी दिनानाथरावांना बाजूला घेऊन मनाची तयारी ठेवायला सांगितली.

हे कसली तयारी ठेवतात! यांनी हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर करता येते तसला दवाखान्यातला पलंग आणला. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, भाकरी दुधात किती मऊ करायची, पाठीला पावडर कशी लावायची, सगळं शिकले. सात महिने हा माणूस घाटावरसुद्धा फिरकला नाही. आणि दिवाळी झाल्यावर एका सकाळी बाई वॉकर धरून उठल्या आणि पलंगापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं चालल्या. दिनानाथराव स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून भरपूर रडले.

"तो पलंग आधी घरातून काढा," प्रमोदिनीताई खिडकीपाशी उभ्या राहून म्हणाल्या. "आता मी त्यावर निजणार नाही."

२

जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर दिनानाथरावांनी पलंगाचे चार फोटो टाकले आणि खाली लिहिलं, ‘उत्तम स्थितीत. फक्त रोख. येऊन बघा, घेऊन जा.’ पहिल्या दिवशीच मंडळी हजर झाली. एक म्हणे फौजेतला साहेब, बदली झालीय, पलंग न बघताच घेणार, फक्त हा कोड स्कॅन करा. दुसऱ्याने म्हणे चुकून दहा हजार जास्त पाठवले, तेवढे परत करा. तिसरा कुरिअरवाला, त्याला विम्याचे पैसे आधी हवेत. दिनानाथराव चष्मा लावून एकेकाला उत्तर देत आणि मोठ्यानं वाचून दाखवत. प्रमोदिनीताई हसून हसून खोकायच्या. कित्येक महिन्यांनी त्या घरात अशी मजा आली होती.

मग देवदत्त नावाच्या माणसाचा मेसेज आला. फोटोच्या जागी काहीच नव्हतं.

‘पलंग अभी है?’

‘है.’

‘सोता कौन था?’

‘मेरी पत्नी,’ दिनानाथरावांनी लिहिलं, आणि किंमत विचारायची वाट बघत बसले. किंमत काही विचारली नाही त्याने. इथे ते सावरून बसले. जो घासाघीस करत नाही तो चोर, हा त्यांचा पहिला नियम.

पण या चोराला पकडायचं कुठे? तो म्हणाला, ऑनलाइन भेजूँ? हे म्हणाले, नाही. चेक? नाही. कुणाच्या हाती आधी थोडे? मुळीच नाही, रोख आणा. त्यावर तो म्हणाला, ‘नक़द हम नहीं छूते.’ दोन दिवस असंच चाललं. धमकी नाही, घाई नाही, लाडीगोडी नाही. रोज दुपारी बाराला एकच ओळ यायची, ‘कब आऊँ?’

"द्या हो देऊन तसाच," प्रमोदिनीताई वैतागून म्हणाल्या. "कुण्या गरिबाच्या घरी आजारी माणूस असेल. आपल्याला काय त्या पैशांनी माडी बांधायचीय?"

आणि दिनानाथरावांना एकदम मोकळं वाटलं. खरंच की! जो पैसेच घेत नाही त्याला फसवणार कसा? त्यांनी लिहून टाकलं, ‘पैसे का झंझट ही नहीं चाहिए. ऐसे ही ले जाइए.’

उत्तर लगेच आलं. ‘किसके नाम से? नाम और गोत्र लिखिए.’

तुम्ही आम्ही कदाचित थबकलो असतो. पण दिनानाथरावांचं लहानपण ज्या ओसरीवर गेलं तिथे रोज सकाळी कुणी साताऱ्याचा, कुणी नागपूरचा माणूस येऊन बसायचा आणि विचारायच्या आत नाव, गोत्र, गाव सांगायचा. ओटीपी लपवायचा असतो, आधारचा नंबर लपवायचा असतो. गोत्र कोण लपवतं? एखादी संस्था असेल, पाटीवर नाव घालत असतील, असं त्यांना वाटलं. त्यांनी टाइप केलं, ‘प्रमोदिनी. वासिष्ठ गोत्र.’

३

तो भर दुपारी आला. बरोबर दोन हमाल. पन्नाशीचा, हडकुळा, धुतलेल्या पांढऱ्या कपड्यातला माणूस. खोलीत आल्यावर त्याने प्रमोदिनीताईंना नमस्कार केला नाही. त्या खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, ‘बसा’ म्हणाल्या, तरी त्याने तिकडे पाहिलं नाही. दिनानाथरावांना ते जरा खटकलं.

"गद्दा, तकिया, चादर?" त्याने विचारलं.

"न्या, सगळं न्या," दिनानाथराव म्हणाले. "तसंही कोण वापरणार?"

मग तो पलंगावर आडवा झाला. बघून घेत असेल, असं म्हणून दिनानाथराव हसले, आणि ते हसू तसंच राहून गेलं. कारण तो माणूस भिंतीकडे तोंड करून डाव्या कुशीवर वळला, उजवा गुडघा पोटाशी घेतला, आणि एक हात उशीखाली सरकवला. सात महिने प्रमोदिनीताई अश्शाच झोपत. दुखरा पाय वर, हात उशीखाली. त्याने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. हमाल भिंतीला टेकून गप्प उभे. खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं.

"अहो, झोपला का हा?" ताई हळूच म्हणाल्या.

तो उठला. म्हणाला, प्यायला पाणी द्या. दिनानाथरावांनी तांब्या आणला. त्याने भांडं घेतलं नाही, ओंजळ पुढे केली. यांनी पाणी ओतलं. ओंजळ भरली, बोटांतून खाली फरशीवर सांडली, तरी तो पीत नव्हता. तो दिनानाथरावांच्या तोंडाकडे बघत होता.

"दिया?" त्याने विचारलं.

"दिया बाबा, दिया," दिनानाथराव म्हणाले.

त्याने ओंजळ तोंडाला लावली, पाणी प्यायलं, आणि हमालांना खूण केली. पलंग सुटा करून अर्ध्या तासात खाली गेला. जिथे तो होता तिथली फरशी जराशी फिकी दिसत होती. प्रमोदिनीताई वॉकर घेऊन त्या जागेवरून चालल्या, आणि त्या दिवशी अकराच्या जागी तीस पावलं झाली.

४

तिसऱ्या दिवशी मेसेज आला. ‘छाता.’

एवढाच शब्द. दिनानाथरावांनी ‘कसली छत्री?’ असंही लिहिलं नाही, सरळ नंबर बंद करून टाकला. संध्याकाळी पेपर आणायला निघताना सहज दाराआड बघितलं. त्यांची छत्री होती. ताईंची, निळ्या काठाची, नव्हती. कामाला येणाऱ्या सीतेला विचारलं, ती म्हणाली मी नाही बघितली. या पावसाळ्यात तर ती कुणी उघडलीही नव्हती, म्हणजे जूनपासूनच हरवलेली असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच नंबरावरून आलं, ‘चप्पल.’ त्यांनी फोन ठेवला आणि पलंगाच्या, म्हणजे आता नव्या दिवाणाच्या, खाली वाकून पाहिलं. ताईंच्या चपला नव्हत्या. मग ‘लोटा’ आलं. मग ‘चश्मा’ आलं.

"चष्म्यावाचून बरं दिसतंय हो मला," प्रमोदिनीताई म्हणाल्या. "काय कमाल आहे!"

आणि चालणं तर काय सांगावं. वॉकर सुटला, काठी आली. काठीही भिंतीला लागली. बाई या खोलीतून त्या खोलीत जात आणि पावलांचा आवाज येत नसे. दिनानाथराव बघत बसायचे. आनंद व्हायला हवा होता. तो होत नव्हता, आणि स्वतःचाच राग यायचा की अरे, ज्याच्यासाठी सात महिने देव पाण्यात ठेवले ते समोर आहे, तर रडतोस कशाला?

सीता आता चहाचा एकच कप आणायची. दोनदा सांगितलं, दोनदा ती ओशाळली आणि दुसरा कप घेऊन आली. तिसऱ्यांदा मात्र तिने दिनानाथरावांकडे अशा नजरेने बघितलं की त्यांनी सांगणंच सोडलं. स्वतः उठून दुसरा कप आणू लागले. तो कप निवून जायचा.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांनी आपण हयात असल्याचं कळवायचं. फोनसमोर चेहरा धरायचा की झालं. दिनानाथरावांचं पहिल्या फटक्यात झालं. प्रमोदिनीताईंना त्यांनी खिडकीच्या उजेडात बसवलं, केस सारखे केले, फोन समोर धरला. पडद्यावर त्या दिसत होत्या, स्वच्छ दिसत होत्या. खाली अक्षरं आली, चेहरा सापडत नाही. त्यांनी जागा बदलली, भिंत बदलली, फोन पुसला. अकरा वेळा केलं. नेटवर्कच भिकार, ते म्हणाले.

"राहू द्या ना," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

५

वेणीमाधव हे दिनानाथरावांचे शाळेपासूनचे मित्र. दशाश्वमेधावर यात्रेकरूंची श्राद्धं, तर्पणं सांगायचं घरचं काम अजून चालवतात. जिभेला हाड नाही, पण माणूस सोन्यासारखा. दिनानाथराव त्यांच्या घाटावरच्या लाकडी चौकीवर जाऊन बसले आणि नव्या तऱ्हेचा फ्रॉड सांगावा तसं सगळं सांगू लागले. पैसे मागितलेच नाहीत लेकाने, पण घरातल्या वस्तू चालल्यात, कुणाचा हात असेल?

वेणीमाधव आधी हसत होते. मग हसायचे थांबले.

"काय काय मागितलं? परत सांग."

"पलंग, गादी, उशी, चादर. मग छत्री, चपला, तांब्या, चष्मा."

"गोत्र सांगितलंस?"

"सांगितलं."

"पाणी सोडलंस हातावर?"

"प्यायला मागितलं त्याने!"

"आणि पैसा घेतला नाहीस. एक पैसासुद्धा?"

दिनानाथरावांनी मान हलवली.

"अरे दिना," वेणीमाधव म्हणाले आणि त्यांनी यांचा दंड धरला, "ही सगळी यादी आपण कधी देतो? तुझे वडील गेले तेव्हा तूच दिलीस ना? अकराव्या दिवशी."

"शय्यादान?" दिनानाथराव म्हणाले. "अरे, पण ती जिवंत आहे."

समोर एक कुटुंब पिंड वळत होतं आणि कावळे दगडावर येऊन बसले होते. तिकडे बघत वेणीमाधव म्हणाले, "विकलं असतंस तर बाजारातला व्यवहार झाला असता. रुपया तरी घे त्याच्याकडून. कसाही घे."

तिथेच पायरीवर बसून दिनानाथरावांनी सगळे बंद केलेले नंबर उघडले. सहा वर्षं ज्यांनी लोकांना हे करू नका, ते करू नका म्हणून सांगितलं, त्यांनीच ते सगळं करायला घेतलं. ‘एक रुपया भेजिए,’ त्यांनी लिहिलं. स्वतःचा कोड पाठवला. खात्याचा नंबर पाठवला. ‘आप कोड भेजिए, मैं स्कैन करूँगा. जो चाहिए ले लीजिए, ओटीपी भी दूँगा.’ असं कुणी लिहिलेलं त्यांनी तक्रारीत वाचलं असतं तर कपाळावर हात मारला असता. एकालाही उत्तर आलं नाही. फक्त ॲपवर देवदत्तच्या नावाखाली पत्ता दिसत होता. मणिकर्णिकेच्या स्मशानामागची गल्ली, चितेच्या लाकडांच्या टालीसमोर, म्हणजे वखारीसमोर.

६

टालीसमोर एकच दार होतं आणि ते उघडं होतं. आत लांबलचक खोली, खिडकी नाही, तरी दिसत होतं. दोन्ही भिंतींना लागून पलंग मांडलेले. लोखंडी, लाकडी, नेवारीचे, दिवाण. प्रत्येकावर धुतलेली चादर, उशाशी छत्री, खाली चपलांचा जोड, शेजारी पाण्याचा लोटा. जुन्या सामानाचं दुकान, दिनानाथरावांनी मनाशी म्हटलं. दानात आलेल्या वस्तू विकतात, काशीत काय नवीन आहे त्यात? हे म्हणत असतानाच त्यांना दिसलं की चपलांच्या टाचा सगळीकडे पलंगाकडे आहेत. म्हणजे बसून काढल्यात. पाय वर घेतलेत.

त्यांनी वर बघायचं टाळलं.

तो पांढऱ्या कपड्यातला माणूस दाराशी स्टुलावर बसला होता. दिनानाथरावांनी खिशातून होत्या नव्हत्या तेवढ्या नोटा काढून त्याच्यापुढे धरल्या. "माझा पलंग विकत घ्या. नाहीतर मला विकत द्या. एक रुपया द्या, भाईसाहब, एक रुपया. आपके पैर पड़ता हूँ."

"नक़द हम नहीं छूते," तो शांतपणे म्हणाला. "आप ही ने कहा था, पैसे का झंझट नहीं चाहिए."

"मग माझं नाव घाला. दिनानाथ. गोत्र तेच आहे."

"आपका देगा कौन?" त्याने विचारलं. कुत्सितपणा नव्हता त्यात. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं असं वाटलं, आणि दिनानाथरावांनी नोटा परत खिशात कोंबल्या.

डाव्या रांगेत शेवटचा पलंग हँडलचा होता. त्यांना तो नुसत्या कडेनं दिसला. डोक्याकडची बाजू थोडी वर केलेली, दोन वेढे, जेवणानंतर ते ठेवत तेवढीच. चादर सपाट होती. कुणी नव्हतं तिथे. त्यांनी सुटकेचा श्वास घेतला, आणि तेवढ्यात चादर कुशीच्या जागी खोलगट झाली, हळूहळू, कुणीतरी जपून अंग टेकवत असावं तशी. मग गुडघ्याच्या जागी.

दिनानाथराव पळत सुटले. त्या वयात, त्या गल्ल्यांतून, लाकडं वाहणाऱ्या माणसांना ढकलत, शेणावरून घसरत, तिचं नाव घेत पळाले.

७

प्रमोदिनीताई खाली दारात उभ्या होत्या. दोन मजले एकट्या उतरून आल्या होत्या. हिरव्या काठाची साडी नेसलेल्या, केस विंचरलेले, पाय अनवाणी. ऊन त्यांच्या तोंडावर होतं आणि बाई इतक्या छान दिसत होत्या की दिनानाथराव दोन पावलं अलीकडेच थांबले.

"कुठे निघालीस?" त्यांनी तिचा हात धरला. हात ऊबदार होता. नाडी लागत होती, त्यांनी अंगठ्याखाली ती चाचपली, मोजलीसुद्धा. म्हणजे आहे. म्हणजे सगळा मनाचा खेळ. "चल वर. चल, मी चहा टाकतो. आपण उद्याच्या उद्या हे गाव सोडू. पुण्याला जाऊ, कुठेही जाऊ."

"अहो, दारातून लोक ये-जा करतात, बाजूला व्हा," ताई म्हणाल्या.

दूधवाला खरंच मागून आला होता. "बाबूजी, ज़रा रास्ता," म्हणाला, आणि दोन्ही हातांत कॅन घेऊन दारातून आत गेला. दार अरुंद. एका अंगाला दिनानाथराव उभे होते, दुसऱ्या अंगाला त्या. तो ताईंच्याच अंगाने गेला. त्या सरकल्या का, हे दिनानाथरावांना नंतर कितीही आठवून आठवेना.

"माझी चूक झाली गं," ते म्हणाले. "मला वाटलं मी शहाणा. पैसे वाचवायला नव्हतं गं दिलं, शपथ. तू म्हणालीस म्हणून दिलं. नाही, तुझ्यावर नाही ढकलत. मीच लिहिलं तुझं नाव. माझ्या हाताने लिहिलं."

"चुकलं तर चुकलं," त्या म्हणाल्या. शाळेत गणित चुकलेल्या पोराशी बोलत तशा, मऊ आवाजात. "सात महिने किती केलंत माझं. पाठीचं कातडं नाही सोलवटू दिलंत. मला चालतं करायचं होतं ना तुम्हाला?"

"हो."

"मग सोडा ना हात. येतं मला चालता."

दिनानाथरावांनी हात सोडला नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरला, छातीशी दाबला, डोळे मिटून घेतले. कितीही वेळ लागो, रात्र होवो, इथेच उभं राहायचं, असं ठरवलं. हात तसाच राहिला, गरम, बोटांत बोटं घातलेला.

मग त्यांनी डोळे उघडले. प्रमोदिनीताई गल्लीच्या वळणापाशी पोचल्या होत्या, मणिकर्णिकेच्या बाजूला, ताठ, भराभर, कशाचाही आधार न घेता. ताईंचा हात अजून दिनानाथरावांच्या छातीशी होता. तो त्यांनी दाबून धरला होता, आणि खाली बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं.